गाडी घेण्याआधी सांगा: परिवहन खात्याला सोलापूरच्या एका गॅरेजवाल्याचे खुले पत्र

मा. परिवहनमंत्री आणि मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य.

महोदय,
स.न.वि.वि.

मी सोलापुरात होटगी रस्त्याला बावीस वर्षे गॅरेज चालवतो. त्याआधी सहा वर्षे अक्कलकोट रोडवर एका वस्तादाच्या हाताखाली होतो. माझ्या शेडच्या मागच्या कोपऱ्यात चौदा महिन्यांपासून ताडपत्रीखाली परदेशातून आयात झालेली एक जुनी लँड क्रुझर उभी आहे. पैसे मी मोजलेत, किल्ली माझ्या खिशात आहे, पण आरसीवर नाव दुसऱ्याचे आहे. दर रविवारी मी ती चालू करतो, दहा मिनिटे गरम होऊ देतो आणि बंद करतो. गेटच्या बाहेर काढत नाही.

ही गाडी घ्यायचे माझ्या मनात शिकाऊ होतो तेव्हापासून होते. वस्तादाकडे अशी एक गाडी कामाला यायची. तिचा ट्रान्सफर केस, म्हणजे चारही चाकांना ताकद वाटून देणारा भाग, मी पहिल्यांदा उघडला तेव्हा हात थरथरत होते, इतके ते काम नीटनेटके होते. गेल्या वर्षी एका बाहेरच्या राज्यातल्या विक्रेत्याकडे तशीच एक गाडी विकायला असल्याचे कळले. अकरा लाखांना सौदा झाला. सहा लाख साठवलेले होते, उरलेल्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले. त्याचा हप्ता मी आजही भरतो आहे.

घेताना मी काय काय बघितले ते सांगतो, कारण ‘बघून घ्यायला नको का?’ असे मला खूप जणांनी विचारले. इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासले. गिअरबॉक्सचे ऑइल काढून त्यात कीस आहे का ते बघितले. चेसिस नंबरावर पेन्सिल फिरवून ठसा घेतला, तो आरसीशी जुळवला. इंजिन नंबर जुळवला. विमा चालू, पीयूसी चालू, कर्जाचा बोजा उतरलेला. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, सोबत मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत. जुनी गाडी घेणारा सोलापुरातला कुणीही माणूस इतकेच बघतो, आणि मी तर त्याच धंद्यातला.

गाडी इथे आणल्यावर तिसऱ्या आठवड्यात कार्पेट धुवायला सीट खोलल्या. सीटबेल्टच्या पट्ट्याच्या मुळाशी शिवलेल्या लेबलवर बनवल्याचे वर्ष होते २००५. आरसीवर होते २०१०. एखादा पट्टा बदललेला असू शकतो, म्हणून बाकीचे तिन्ही बघितले. मग काचांच्या कोपऱ्यातल्या बारीक खुणा बघितल्या. सगळीकडे २००५. एखादा सुटा भाग बदलतो, अख्खी गाडी पाच वर्षांनी तरुण होत नाही.

गॅरेजवाल्याला हा पाच वर्षांचा फरक किमतीचा वाटेल. कायद्यात तो त्याहून फार मोठा आहे. वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाही. स्टिअरिंग उजवीकडे हवे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, हेडलाइट डाव्या बाजूने चालणाऱ्या रहदारीला साजेसे हवेत. ती मुंबई बंदरातूनच आली पाहिजे, आणि कस्टम्समधून सुटण्याआधी पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई किंवा मध्य प्रदेशातल्या बुधनीची संस्था यांपैकी एकीकडे तपासायला गेली पाहिजे. म्हणजे आरसीवरचे वर्ष खोटे असेल, तर ही गाडी देशात आली कशी, हाच प्रश्न उभा राहतो. आणि तो प्रश्न आज माझ्या शेडमध्ये उभा आहे.

त्यानंतर मी आपल्या राज्याचा नंबर मिळवायला गेलो. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही, कारण चूक एका खिडकीची नाही. तिथे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीच्या वेळचा कस्टम्सचा कागद, मागितले. ही मागणी रास्त आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ४७ प्रमाणे आयात गाडीच्या नोंदणीला कस्टम्स क्लिअरन्सचा कागद लागतोच. पण मी या गाडीचा चौथा मालक. पहिल्या मालकाचे फक्त नाव मला माहीत. विक्रेत्याचा फोन त्या दिवसापासून बंद. ज्या राज्यात पहिली नोंदणी झाली तिथे माहिती अधिकारात अर्ज केला, तर ‘त्रयस्थ व्यक्तीची माहिती’ म्हणून नाकारली. कस्टम्सकडे विचारले, तर ज्याने आयात केली त्याने अर्ज करावा म्हणाले. चार ठिकाणी चार उत्तरे मिळाली, चारही तोंडी किंवा अर्धवट, आणि प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर!

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. गाडी देशात कशी आली हे सरकारला माहीत असते, किंवा असायला हवे. नवी म्हणून आली, वापरलेली म्हणून आली, परदेशात किमान दोन वर्षे राहून कायमचा परतलेल्या माणसाने आणली, की वकिलातीने करमाफीत आणली, हे चारही मार्ग वेगळे आणि चारहींच्या अटी वेगळ्या. करमाफीतली गाडी साध्या माणसाला विकायची तर शुल्क भरावे लागते. कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या कागदावर, काही महिन्यांसाठी आलेली गाडी परत गेलीच पाहिजे, ती इथे विकताच येत नाही. यातले काहीही माझ्या हातातल्या आरसी कार्डावर नाही. वाहन पोर्टलवर नंबर टाकला की विमा कधी संपतो, पीयूसी कधी संपते, गाडी काळ्या यादीत आहे का, हे सगळे दिसते. गाडी या देशात कायदेशीर आली आहे का, एवढे मात्र मला त्यात सापडले नाही. जमीन घेताना आम्ही सातबारा बघतो, जुने फेरफार काढतो. अकरा लाखांच्या गाडीचा फेरफार कुठे बघायचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने ‘नुमखोर’ नावाने मोहीम काढली. भूतानमार्गे आणून खोट्या कागदांवर इतर राज्यांत नोंदवलेल्या गाड्यांचा तो तपास. बातम्यांत नावाजलेल्या लोकांची घरे दिसली. त्यांच्याकडे वकील असतात. मी विचार करत होतो तो त्या गाड्या तिसऱ्या-चौथ्या हाताने घेतलेल्या माझ्यासारख्यांचा. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने कोचीच्या एका प्रकरणात सांगितले की आयात केलेली गाडी पुढे विकत घेणारा हा आयातदार नव्हे, त्यामुळे शुल्काची मागणी त्याच्यावर टाकता येत नाही. मोठा दिलासा आहे. पण न्याय मिळवायला त्या माणसाला दिल्लीपर्यंत जावे लागले, आणि होटगी रस्त्यावरून दिल्ली फार लांब आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे खोट्या कागदांवर झालेली नोंदणी रद्द होऊ शकते. शुल्क मागितले नाही तरी नंबर गेल्यावर गाडी लोखंडाच्या भावाची.

दुसरी तक्रार बदलांची, म्हणजे मॉडिफिकेशनची. ती माझ्या रोजच्या पोटाची आहे.

कॉलेजची पोरे येतात. “अण्णा, फटाका सायलेन्सर बसवा की.” नाही म्हणतो. “काचांना काळी फिल्म?” नाही. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने फिल्म बंद केली, हे मी भिंतीवर लिहून ठेवले आहे. “पुढे बुलबार, लोखंडी गार्ड?” तेही नाही, धडकेत समोरच्या माणसाला तो जीवघेणा, आणि एअरबॅगच्या सेन्सरलाही अडचण. पोरगा निघून जातो आणि तासाभराने तेच सगळे दुसरीकडून बसवून माझ्या दारावरून आवाज करत जातो. मग कधीतरी गावोगावी ते सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवल्याचे फोटो छापून येतात. ज्याने विकले, ज्याने बसवले, तो फोटोत कुठेच नसतो.

कायदा काय म्हणतो ते मी वाचले आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीतले तपशील आणि कंपनीने मुळात ठरवलेले तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हेच ठामपणे सांगितले आणि केरळ उच्च न्यायालयाचा सैल अर्थ बाजूला केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यात नियमाबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. नियमात न बसणारी गाडी विकणारा किंवा तशी बदलणारा विक्रेता, उत्पादक, आयातदार असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख.

मला हा कायदा मान्य आहे. निकामी ब्रेकवर उंच केलेली गाडी बोरामणीच्या पुढे हैदराबाद रस्त्यावर उलटलेली मी स्वतः ओढून आणली आहे. माझे म्हणणे एवढेच की ‘कंपनीने मुळात ठरवलेले’ म्हणजे काय, हे इथे बनलेल्या गाडीचे सांगता येते, बाहेरून आलेल्या जुन्या गाडीचे सांगणारा कागद कुठल्याच टेबलावर नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या आखाती देशातून आलेल्या गाडीला कंपनीतूनच डिझेलच्या दोन टाक्या आहेत. तपासणीत एकाने ती दुसरी टाकी म्हणजे बदल ठरवली. जपानसाठी बनलेल्या गाडीचे टायर एका मापाचे, तीच गाडी आखातासाठी बनली तर दुसऱ्या मापाचे. दाराच्या खांबावरचे लेबल कंपनीचे आहे, ते मी दाखवतो, तर ‘लेबल कुणीही चिकटवेल’ असे उत्तर मिळते. आणि उलटेही घडते. अख्खे इंजिन बदललेली गाडी नुसता धुराचा कागद बघून पुढे जाते. अर्थ अधिकाऱ्यागणिक बदलणार असेल, तर मी गिऱ्हाइकाला काय सांगू?

करता येते ते तरी लोकांना कुठे सांगितले आहे? मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून आरसीवर चढवता येते. परवानगीने त्याच बनावटीचे आणि प्रकारचे इंजिन बसवता येते. रंग बदलला तर नोंदवायचा असतो. केलेला बदल चौदा दिवसांत कळवायचा असतो. दिव्यांग माणसासाठी गाडी जुळवून घ्यायला २०१९च्या दुरुस्तीने वाट केली आहे. जुळे सोलापूरचे एक शिक्षक, पोलिओमुळे डावा पाय अधू, त्यांना क्लच हाताने चालवायची सोय हवी होती. काम दोन दिवसांचे. कुठला कागद, कुणाची सही, कोणती तपासणी, हे शोधण्यात चार महिने गेले. त्या चार महिन्यांत ते रोज रिक्षाने शाळेत गेले. तो माणूस माझ्यासमोर बसलेला असायचा आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हते.

विम्याचेही इथेच सांगतो. न कळवलेला बदल सापडला की स्वतःच्या नुकसानीचा दावा अडतो. गाडी विकल्यावर नवा मालक चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज करत नाही आणि अपघात झाल्यावर माझ्याकडे रडत येतो. त्याला आधी कुणी सांगितलेले नसते.

तिसरी तक्रार शुल्काची. परदेशातून आलेल्या गाडीला आपल्या राज्यात एकरकमी कर २० टक्के. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर साध्या मोटारीला पाच हजार, आयात गाडीला चाळीस हजार. गाडी वीस वर्षांवर गेली की ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार आणि ऐंशी हजार. शौकाची वस्तू आहे, कर जास्त असू द्या, त्याबद्दल मी भांडत नाही. पण आठपट शुल्क घेताना ‘ही आयात गाडी’ हे तुम्हाला नेमके ठाऊक असते. मग हीच माहिती घेणाऱ्याला का दिसू नये?

चौथी. जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्यांनी अधिकारपत्र घ्यावे, ताब्यात आलेली गाडी पोर्टलवर कळवावी, असा नियम केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये केला, १ एप्रिल २०२३ पासून तो लागू आहे. चांगला नियम आहे. मी गाडी घेतली ती त्यानंतर, आणि तो विक्रेता अधिकृत आहे का हे विचारायचे असते हेच मला माहीत नव्हते. आजही सोलापूर जिल्ह्यात कोण अधिकृत आहे, याची यादी मी कुठल्या दारावर लावलेली बघितली नाही. आमचा जिल्हा सीमेवरचा. विजयपूर, कलबुर्गी, हैदराबाद, सगळीकडून गाड्या येतात आणि जातात. एमएच-१३ च्या जोडीला दुसऱ्या राज्यांचे नंबर इथे रोजचे. दुसऱ्या राज्याची गाडी इथे बारा महिन्यांच्या वर ठेवली की नवा नंबर घ्यावा लागतो, हेसुद्धा निम्म्या लोकांना दंड भरताना कळते. आणि जुन्या मालकाला वाटते की गाडी दिली, सुटलो. ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की आरसीवर ज्याचे नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर. माझ्या शेडमधली गाडी उद्या कुणी बाहेर काढली आणि काही झाले, तर मी न पाहिलेला एक माणूस त्यात अडकेल. म्हणून ती बाहेर निघत नाही.

ती विकून मोकळा हो, असे मला सांगणारे पुष्कळ आहेत. दोन गिऱ्हाइके येऊनही गेली, एकाने तर रोख नऊ लाख देऊ केले. मी पट्ट्याचे लेबल दाखवले आणि दोघेही परत गेले. माझ्यावर जे आले ते दुसऱ्याच्या घरात ढकलायचे नाही, हे मी आणि माझ्या घरच्यांनी ठरवले आहे. त्याची किंमत आम्ही महिन्याच्या महिन्याला पतसंस्थेत भरतो.

यातले काही केंद्राच्या हातात आहे, हे मला कळते. कस्टम्स तुमचे नाही, पोर्टलही केंद्राचे. पण केंद्राला लिहिणे तुमच्या हातात आहे, आणि नोंदणीची खिडकी तुमची आहे. म्हणून माझ्या मागण्या:

१. आयात गाडीच्या नोंदीत बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक, तारीख, बंदर आणि आयातीचा मार्ग चढवावा. विकणाऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी जाऊन त्याच्या संमतीने घेणाऱ्याला तो सौद्याआधी बघता यावा. संमती नाकारली तर घेणारा काय ते समजेल.

२. आयात गाडीला दुसऱ्या राज्याने एनओसी दिली असेल, तर मूळ नोंदणीची फाइल कार्यालयाने कार्यालयाकडून मागवावी. चौथ्या मालकाला दारोदार पाठवू नये.

३. कोणते बदल चालतात, कोणते नोंदवून चालतात आणि कोणते अजिबात चालत नाहीत, याची मराठीत यादी काढावी. सोलापुरात ती कन्नड आणि तेलुगूतही हवी, आमच्या निम्म्या कारागिरांची घरची भाषा ती आहे. प्रत्येक गॅरेजला ती लावणे सक्तीचे करा. पहिली प्रत मी लावतो.

४. आयात गाडीचे मूळ तपशील ठरवायला कंपनीचे लेबल आणि चेसिस नंबरावरून मिळणारा कंपनीचा तक्ता ग्राह्य धरावा. शंका असेल तर एआरएआयसारख्या संस्थेकडे पाठवावे. निर्णय लेखी, कारणासह आणि ठरलेल्या मुदतीत द्यावा. लोकसेवा हक्क कायदा राज्यात २०१५ पासून आहे, ही सेवा त्यात घाला.

५. दिव्यांगांच्या गाडीसाठी एकच अर्ज, एकच तपासणी.

६. जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांची जिल्हावार यादी जाहीर करावी आणि दर महिन्याला ती ताजी करावी.

७. फसवला गेलेला घेणारा स्वतःहून पुढे आला, तर त्याला साक्षीदार म्हणून वागवावे. त्याचा जबाब घ्या, गाडी तपासा, खोटा कागद कुठून निघाला ते शोधा. आज पुढे येणाऱ्याला पहिली नोटीस मिळेल अशी भीती आहे, म्हणून लोक गप्प बसून गाडी पुढे सरकवतात.

सातव्या मागणीची सुरुवात माझ्यापासून करा. गाडी दाखवायला मी तयार आहे. सीट खोललेल्याच आहेत, चारही लेबले जागेवर आहेत, काचा मूळच्या आहेत. विक्रेत्याला बँकेतून पाठवलेल्या पैशांची पावती आणि त्याच्याशी झालेले सगळे बोलणे मी जपून ठेवले आहे. तुमचा माणूस कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी यावा. शेड सकाळी नऊला उघडते.

उत्तर लेखी द्यावे, ही विनंती. ते मी दरपत्रकाच्या शेजारी लावीन, म्हणजे पुढचा माणूस आयात गाडीचे विचारायला आला की आधी ते वाचेल.

कळावे,

आपला,
होटगी रस्त्यावरचा एक गॅरेजवाला
सोलापूर